एआर हेडसेटमधलं आय ट्रॅकिंग: कॅलिब्रेशनपासून प्रायव्हसीपर्यंत, पायरी पायरीने

आय ट्रॅकिंग, म्हणजे नजर कुठे आहे ते मोजण्याची सोय, असलेला एआर हेडसेट (समोरच्या दृश्यावर आभासी चित्रं दाखवणारा) हाती आला की ‘बघितलं की निवडलं’ असं ॲप बनवण्याचा मोह होतोच. डेमोमध्ये ते छान चालतंही. खरा वापर सुरू झाला की मात्र तक्रारी येऊ लागतात. भलतंच बटण दाबलं जातं, चष्मेवाल्यांना धड चालत नाही, थोड्या वेळाने डोळे शिणतात. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: हेडसेट डोळ्याची दिशा मोजतो आणि आपण ती माणसाची इच्छा समजून बसतो. त्यात ती दिशाही थोडी चुकलेलीच असते, आणि किती चुकते हे मोजायच्या आधीच आपण स्क्रीन आखून मोकळे झालेलो असतो.

हे मार्गदर्शन एआर ॲप बनवणाऱ्यांसाठी, त्याचं डिझाइन करणाऱ्यांसाठी आणि संशोधनात असे चष्मे वापरणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या. मोजमापाची पायरी गाळून थेट डिझाइनकडे गेलात, तर पुढे कुठे बिघडलं ते शोधणं फार अवघड जातं.

आधी आतली यंत्रणा समजून घ्या

फ्रेमच्या कडेला बसवलेले बारीक इन्फ्रारेड एलईडी डोळ्यावर प्रकाश टाकतात. त्याची तरंगलांबी बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तो डोळ्यांना त्रास देत नाही आणि समोरचं दृश्यही बिघडवत नाही. डोळ्याकडे तोंड केलेला कॅमेरा दोन गोष्टी टिपतो: बाहुलीचा काळा गोल आणि पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, उमटलेले त्या एलईडींचे चमकते ठिपके. डोळा फिरला की बाहुली बरीच सरकते, ठिपके त्या मानाने कमी सरकतात. या दोघांच्या परस्पर जागेवरून नजरेची दिशा काढली जाते.

ठिपके कशाला लागतात, हे कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप कळतात. डोळा ज्या केंद्राभोवती फिरतो तिथून बाहुली साधारण १० मिलिमीटरवर असते. म्हणजे बाहुली १ मिलिमीटर सरकली तर नजर जवळपास ६ अंश वळली, असा हिशोब होतो. आता हेडसेटच नाकावरून १ मिलिमीटर घसरला, तर नुसती बाहुली बघणारी यंत्रणा नजर ६ अंश हलल्याचं सांगेल, जरी डोळा जागचा हललेला नसला तरी. घसरताना ठिपके आणि बाहुली जवळजवळ एकत्र सरकतात, म्हणून दोन्ही बघणाऱ्या यंत्रणेला घसरणं आणि वळणं यातला फरक ओळखता येतो. पूर्णपणे मात्र नाही. घट्ट आणि नीट बसलेला हेडसेट हा आय ट्रॅकिंगचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्याचा भौमितिक अक्ष आणि आपण ज्या रेषेत खरंच बघतो ती रेषा एक नसते. सगळ्यात स्पष्ट दिसणारा दृष्टिपटलाचा भाग, म्हणजे फोव्हिया, मध्यापासून जरा बाजूला असतो. हा फरक सुमारे ५ अंशांचा असतो आणि माणसागणिक बदलतो. कॅमेऱ्याला बाहेरून तो दिसत नाही. वापरणाऱ्याला ठरावीक बिंदूंकडे बघायला लावून तो शोधायचा, हेच कॅलिब्रेशनचं मुख्य काम. एकाच्या कॅलिब्रेशनवर दुसऱ्याने हेडसेट वापरला की सगळं सारख्याच दिशेने सरकलेलं दिसतं, ते यामुळेच.

अलीकडे काही यंत्रं हे काम थेट न्यूरल नेटवर्ककडून करून घेतात. बर्लिनच्या प्युपिल लॅब्ज या कंपनीचा २०२३ मध्ये आलेला निऑन हा चष्मा कॅलिब्रेशनशिवाय, सेकंदाला २०० वेळा नजर मोजतो. तिथेही माणसागणिक थोडी चूक उरतेच.

पायरी १: यंत्रात आय ट्रॅकिंग आहे का, आणि तुम्हाला त्यातलं काय मिळणार

‘स्मार्ट ग्लासेस’ म्हणून विकले जाणारे बहुतेक चष्मे डोळ्याकडे बघतच नाहीत. रे-बॅन मेटा चष्म्यांचे कॅमेरे बाहेरच्या दिशेला असतात. हलक्या फ्रेममध्ये आतल्या कॅमेऱ्यांना, एलईडींना आणि त्यांच्या बॅटरीला जागा करणं अजून कठीणच आहे. हेडसेटमध्येही गृहीत धरू नका: मेटा क्वेस्ट प्रोमध्ये आय ट्रॅकिंग होतं, पण त्यानंतर आलेल्या क्वेस्ट ३ मध्ये नाही. होलोलेन्स २, मॅजिक लीप २, ॲपल व्हिजन प्रो आणि सॅमसंग गॅलेक्सी एक्सआर यांत आहे. संशोधनासाठी टोबी प्रो ग्लासेस ३ किंवा निऑन यांसारखे चष्मे आहेत. ते नजर नोंदवतात, पण समोर काही दाखवत नाहीत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे नजरेचा डेटा ॲपला मिळतो का. इथे दोन वेगळे मार्ग आहेत. होलोलेन्स २ आणि क्वेस्ट प्रोमध्ये वापरणाऱ्याने परवानगी दिली की ॲपला नजरेची दिशा मिळते. ओपनएक्सआर या मानकात त्यासाठी आय गेझ इंटरॅक्शन नावाचं एक्स्टेन्शन आहे. व्हिजन प्रोमध्ये मात्र ॲपला नजर कळतच नाही. बटणावर नजर गेली की ते उजळतं, पण ते उजळवण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिम ॲपच्या बाहेर करते. वापरणाऱ्याने बोटांची चिमूट केली की तेवढंच ॲपला कळतं. तुमचा प्रकल्प नजरेच्या नोंदींवर उभा असेल, म्हणजे कोण कुठे किती वेळ बघतं हे हवं असेल, तर व्हिजन प्रो त्याला चालणार नाही. हे खरेदीआधी तपासा.

नमुन्यांचा वेगही बघून ठेवा. नमुना म्हणजे नजरेचं एकेक मोजमाप. होलोलेन्स २ नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला साधारण ३० नमुने देतो, म्हणजे दोन नमुन्यांत ३३ मिलिसेकंद. डोळ्याची एक उडी, जिला सॅकेड म्हणतात, पुष्कळदा ३० ते ८० मिलिसेकंदांत संपते. ३० च्या वेगाने तिच्या वाट्याला एखाद-दोन नमुनेच येतात. कुठे बघितलं हे कळायला तेवढं पुरतं. उडीचा वेग किंवा तिची अचूक सुरुवात मोजायची असेल, तर नाही पुरत.

पायरी २: बसवणं आणि कॅलिब्रेशन

हेडसेट आधी डोक्यावर नीट स्थिर होऊ द्या. पट्टा आवळा, डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा आणि तो जागचा हलत नाही याची खात्री करा. दोन बाहुल्यांमधलं अंतर यंत्र स्वतः जुळवत नसेल, तर ते हाताने जुळवा. मगच कॅलिब्रेशन सुरू करा. कॅलिब्रेशन झाल्यावर हेडसेट वर-खाली सरकवला तर केलेलं काम बरंचसं वाया जातं.

कॅलिब्रेशन करताना वापरणाऱ्याला एकच सूचना स्पष्ट द्या: डोकं स्थिर ठेवा, फक्त डोळे फिरवा, आणि बिंदू बदलेपर्यंत त्याच्या मध्यावरच बघा. पुढचा बिंदू कुठे येणार याचा अंदाज घेऊन आधीच तिकडे बघायची सवय बऱ्याच जणांना असते. तेवढ्याने कॅलिब्रेशन बिघडतं.

उजेडाकडेही लक्ष द्या. बाहुली आकुंचन पावते तेव्हा तिचा मध्य नेमका जागेवर राहत नाही, जरासा सरकतो. अंधाऱ्या खोलीत कॅलिब्रेशन करून भर उजेडात वापर केला तर त्यामुळेही चूक वाढते. व्हिजन प्रोच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये बिंदूंची तीच फेरी पार्श्वभूमी उजळत नेऊन तीनदा होते. कंटाळवाणी वाटली तरी ती गाळू नये. थेट ऊन ही वेगळी अडचण आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि त्यात एलईडीचे ठिपके हरवून जातात.

चष्मा, गडद मस्कारा, खाली झुकलेली पापणी, कडक कॉन्टॅक्ट लेन्स यांमुळे ठिपके झाकले जातात किंवा जादाचे दिसू लागतात. शक्य असेल तिथे चष्म्याऐवजी हेडसेटमध्ये बसणारी नंबरची भिंग वापरा.

पायरी ३: चूक मोजा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. कंपनीने दिलेला आकडा चांगल्या परिस्थितीतला असतो. तुमचे वापरणारे, तुमचा उजेड आणि तुमचं ॲप यांच्यासाठीचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

३ ओळी आणि ३ रकाने असे ९ बिंदू वापरणाऱ्यापासून २ मीटरवर दाखवा. एकेक बिंदू दीड सेकंद ठेवा. पहिला अर्धा सेकंद टाकून द्या, कारण तेवढ्यात डोळा तिथे पोचून स्थिर होतो. उरलेल्या एका सेकंदातून तीन आकडे काढा. नजरेचा मध्यक खऱ्या बिंदूपासून किती अंश दूर पडला, ही झाली अचूकता. नमुने एकमेकांपासून किती विखुरले, ही झाली स्थिरता. किती टक्के नमुने वैध होते, हा तिसरा आकडा. अचूकता आणि स्थिरता यांची गल्लत करू नका. नमुने एकाच जागी गोळा झालेत पण खऱ्या बिंदूपासून दूर आहेत, तर पुन्हा कॅलिब्रेशन करून भागतं. नमुने सैरभैर आहेत, तर ती थरथर गुळगुळीत करणारा फिल्टर लागतो.

अंशांचं सेंटिमीटरमध्ये रूपांतर करायची सवय लावून घ्या. हात लांब केला की करंगळीच्या रुंदीने साधारण १ अंश झाकला जातो. १ मीटरवर १ अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर, २ मीटरवर साडेतीन. होलोलेन्स २ साठी मायक्रोसॉफ्ट सुमारे १.५ अंशांची चूक सांगते. म्हणजे २ मीटरवर नजर खऱ्या जागेपासून कुठल्याही दिशेला ५ सेंटिमीटर चुकू शकते. हा आकडा एकदा भिंतीवर पट्टी लावून बघा. ‘बारीक आयकॉन नजरेने निवडू’ हा विचार तिथेच गळून पडतो.

हीच चाचणी हेडसेट काढून परत घातल्यावर करा आणि बराच वेळ वापरल्यावर पुन्हा करा. कडेच्या बिंदूंवर चूक मध्यापेक्षा जास्त येते, ती वेगळी लिहून ठेवा. चाचणीला चष्मा लावणारे, वयस्कर, बारीक डोळ्यांचे, तिरळेपणा असलेले असे लोक मुद्दाम बोलवा. फक्त टीममधल्या तरुणांवर मोजून काढलेली सरासरी काहीच सांगत नाही.

दोन्ही डोळ्यांच्या दिशा कुठे मिळतात त्यावरून माणूस किती लांब बघतोय हे काढावं, अशी कल्पना हमखास सुचते. हिशोब करून बघा. दोन बाहुल्यांत ६३ मिलिमीटर अंतर धरलं, तर १ मीटरवर दोन नजरांमधला कोन ३.६ अंश, २ मीटरवर १.८, ३ मीटरवर १.२ आणि ५ मीटरवर ०.७. म्हणजे ३ आणि ५ मीटरमधला फरक अर्ध्या अंशाचा, आणि तुमच्या यंत्राची चूक त्याहून मोठी. हाताच्या अंतरात ही युक्ती थोडीफार चालते, पलीकडे नाही. त्यापेक्षा नजरेची रेषा कुठल्या वस्तूला लागते ते बघा आणि अंतर त्या वस्तूवरून घ्या.

पायरी ४: कच्चा डेटा जरा निवळू द्या

प्रत्येक नमुन्यासोबत आधी वैधता आणि वेळेची खूण तपासा. डोळा मिटला की काही नमुने अवैध येतात, आणि मिटण्याच्या आधीचे-नंतरचे काही वैध म्हणून येऊनही चुकीचे असतात, कारण पापणी बाहुलीचा वरचा भाग झाकते. दोन्ही बाजूंचे थोडे नमुने टाकून द्या.

मग स्थिर नजर आणि उडी वेगळी करा. दोन नमुन्यांमधला कोनीय वेग ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर उडी, नाहीतर स्थिर नजर, ही साधी पद्धत बहुतेक ॲपना पुरते. स्थिर नजर बहुधा २०० ते ३०० मिलिसेकंदांची असते. स्थिर असताना फिल्टर लावा, उडी लागली की सोडून द्या. सरसकट सरासरी काढली तर नजर उडीच्या मागे रेंगाळत येते आणि वापरणाऱ्याला सगळं जड वाटू लागतं. २०१२ मध्ये मांडलेला वन युरो फिल्टर या कामाला चांगला आहे. हालचाल मंद असताना तो जास्त गुळगुळीत करतो, वेग वाढला की उशीर कमी करतो.

पायरी ५: नजरेने जागा, हाताने होकार

डोळा हे मुख्यतः बघण्याचं साधन आहे. त्यालाच बटण दाबायला लावलं की जिथे नजर जाईल तिथे काहीतरी घडत राहतं. संगणक संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास या अडचणीला, हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मिडास राजावरून, मिडास टच असं नाव दिलं आणि ती आजही तशीच आहे. नुसत्या नजरेने कुठलीही कृती घडवू नका. नजर जागा सांगेल, होकार चिमटीने, बटणाने किंवा आवाजाने येईल.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार ॲपमध्ये चुकलेला असतो. माणूस चिमूट पूर्ण होईपर्यंत बटणाकडे बघत राहत नाही. हाताला आदेश गेला की डोळा पुढच्या कामाकडे निघालेला असतो. चिमूट ओळखली गेली त्या क्षणाची नजर वापरली, तर शेजारचं बटण दाबलं जातं. वापरणारा म्हणतो, ‘मी तर बरोबर बटणाकडे बघत होतो.’ त्याचं खरंच असतं. उपाय असा: मागच्या अर्ध्या सेकंदातल्या स्थिर नजरांची यादी हाताशी ठेवा. चिमूट ओळखली गेली की बोटं एकमेकांकडे यायला लागली तो क्षण शोधा आणि त्या वेळी नजर ज्या वस्तूवर स्थिर होती ती निवडा. तो क्षण मिळत नसेल तर १०० ते २०० मिलिसेकंद मागे जाऊन बघा. किती मागे जायचं ते तुमच्या चाचणीतून ठरवा.

बटणाचा आकार पायरी ३ मधल्या आकड्यावरून येतो. चूक १.५ अंश असेल तर बटण किमान २ अंशांचं आणि शक्यतो ३ अंशांचं ठेवा, म्हणजे २ मीटरवर ७ ते साडेदहा सेंटिमीटर. दिसणारं बटण लहान हवंच असेल तर त्याभोवतीचं अदृश्य क्षेत्र मोठं करा. एकदा वस्तू निवडीखाली आली की तिचं क्षेत्र थोडं वाढवा, नाहीतर दोन बटणांच्या सीमेवर उजेड इकडून तिकडे नाचत राहतो.

नजरेच्या जागी कर्सर काढू नका. तो खऱ्या नजरेपासून अंशभर बाजूला उमटतो, डोळा तो बघायला वळतो, कर्सर आणखी पुढे सरकतो, आणि वापरणारा त्याचा पाठलाग करत बसतो. त्याऐवजी पूर्ण बटण हळूच उजळू द्या. प्रत्येक नजरेला लगेच प्रतिसाद दिला तर स्क्रीन सतत लुकलुकते, म्हणून १५० ते २५० मिलिसेकंद थांबून मगच उजळा.

ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी टक लावून निवडण्याची सोय ठेवावीच लागते. तिथे उजळल्यानंतर हळूहळू भरत जाणारी खूण दाखवा आणि एकूण ६५० ते ८५० मिलिसेकंदांनंतर निवड करा. ही वेळ वापरणाऱ्याला बदलता यायला हवी. पुसून टाकणं, पाठवणं असल्या कामांसाठी दुसरा होकार घ्या.

पायरी ६: नजर न मिळणाऱ्यांची वाट

काहींच्या डोळ्यांचं ट्रॅकिंग होतच नाही. डोळे सतत थरथरणाऱ्यांना किंवा कृत्रिम डोळा असणाऱ्यांना कॅलिब्रेशन परत परत करायला लावणं क्रूर आहे. ट्रॅकिंग मिळत नसेल तर ॲपने आपोआप डोक्याच्या दिशेवर किंवा हाताच्या रेषेवर जावं आणि तसं स्पष्ट सांगावं. तिरळेपणा असलेल्यांना एकच डोळा निवडायची मुभा द्या. व्हिजन प्रोच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये अशी सोय आहे.

पायरी ७: डेटा कमीत कमी ठेवा

नजर लपवता येत नाही. कशाकडे किती वेळ बघितलं यावरून आवड, संकोच आणि वाचनाचा वेग यांचा अंदाज येतो, बाहुलीच्या आकारावरून ताण. डोळ्याच्या स्पष्ट चित्रातून तर माणूसच ओळखता येतो. व्हिजन प्रोमधलं ऑप्टिक आयडी बुबुळाच्या नक्षीवरच चालतं.

नजर अनपेक्षित वाटेनेही फुटते. २०२४ मध्ये संशोधकांनी गेझप्लॉइट नावाचा हल्ला दाखवला. व्हिजन प्रो वापरणारा व्हिडिओ कॉलवर असताना त्याची आभासी प्रतिमा त्याच्यासारखेच डोळे हलवते. त्या हालचालींवरून तो आभासी कीबोर्डवर काय टाइप करतोय याचा अंदाज बांधता आला. हेडसेटच्या आतला डेटा कोणी चोरलाच नव्हता. ॲपलने व्हिजन प्रोच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे व्हिजनओएसच्या, १.३ आवृत्तीमध्ये कीबोर्ड चालू असताना ती प्रतिमा थांबवून हे दार बंद केलं. तुमच्या ॲपमध्ये अवताराचे डोळे हलत असतील, तर पासवर्ड टाकण्याच्या वेळी ते थांबवा.

नोंद ठेवायचीच असेल तर नजरेचे कच्चे नमुने साठवू नका. ‘या भागाकडे इतका वेळ’ एवढा हिशोब हेडसेटवरच करा आणि तोच पुढे पाठवा. डोळ्यांची चित्रं कुठेही जाऊ देऊ नका. नजरेसाठी परवानगी वेगळी मागा, कशासाठी हवी ते एका वाक्यात सांगा, आणि ट्रॅकिंग चालू असताना त्याची खूण दिसत राहू द्या. शेवटी ती परवानगी नाकारून पूर्ण ॲप सुरुवातीपासून एकदा चालवून बघा. कुठलंही काम अडलं, तर पायरी ६ वर परत जा.